तुम्हांला काय दिसते?



माझ्या मावशीच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया होऊन दीड वर्ष झाले. घरातल्या घरात ती चालते. परंतु जिनमंदिराच्या पायऱ्या आता तिला चढवत नाहीत. चाळीस वर्षे ती ज्या श्राविकांच्या स्वाध्यायात बसत आली, तिथे तिचे जाणे थांबले. तिची कुणी विचारपूस करीत नाही असे मुळीच नाही. मुलगा रोज फोन करतो, सून औषधांच्या वेळा सांभाळते, नातेवाईक साखर किती, रक्तदाब किती हे आठवणीने विचारतात. तरीही मागच्या भेटीत ती सहज बोलून गेली, "खांबाजवळची माझी जागा आता कुणी घेतली असेल, नाही का गं?" त्या बोलण्यात तक्रार नव्हती. पण ते वाक्य पुढे कितीतरी दिवस माझ्या मनातून जाईना.

चातुर्मास जवळ आला आहे. पावसाळ्यात निसरड्या वाटांमुळे आपल्या घरांतील कितीतरी वडीलधारी मंडळी अशीच घरात अडकून पडतात. त्यांच्यासाठी काय करता येईल, या विचारात असताना काही वस्तुसंग्रहालयांनी केलेल्या कामाविषयी मी वाचत गेले. संग्रहालय म्हणजे काचेच्या पेटीतील जुन्या वस्तू आणि शाळेची सहल, एवढीच आपली कल्पना असते. ही संस्था एकाकी माणसाच्या दाराशी जाऊ शकते, हे मला नवे होते.

न्यूयॉर्कच्या आधुनिक कलासंग्रहालयाने २००६ मध्ये स्मृतिभ्रंश झालेल्या व्यक्ती आणि त्यांची शुश्रूषा करणारे आप्त यांना एकत्र बोलावून चित्रे पाहण्याचा उपक्रम सुरू केला. इंग्लंडमध्ये लंडन आणि केंट या भागांत २०१४ ते २०१७ या काळात एकाकीपणाचा धोका असलेल्या, वयाची पासष्टी ओलांडलेल्या नागरिकांसाठी संग्रहालयांनी दहा-दहा आठवड्यांची सत्रे भरवली. त्यांत जुन्या वस्तू हातात घेऊन पाहणे, त्यांवर बोलणे आणि त्यांवरून काही स्वतः घडवणे असा क्रम असे. कॅनडातील माँट्रियल ललितकला संग्रहालयाने २०१८ च्या नोव्हेंबरपासून तेथील फ्रेंच भाषिक डॉक्टरांच्या संघटनेशी मिळून याहून पुढचे पाऊल टाकले. डॉक्टरांनी रुग्णाला औषधाप्रमाणे संग्रहालयाच्या भेटीची चिठ्ठी लिहून द्यावी आणि ती चिठ्ठी दाखवणाऱ्याला व त्याच्या सोबत्याला विनामूल्य प्रवेश मिळावा, अशी ती योजना होती.

पुढे महामारी आली. युनेस्कोच्या पाहणीनुसार २०२० च्या मे महिन्यापर्यंत जगातील सुमारे नव्वद टक्के संग्रहालयांना दारे बंद करावी लागली होती. ज्या माणसांसाठी हे उपक्रम होते, तीच माणसे सर्वांत आधी घरात कोंडली गेली. तेव्हा अनेक संग्रहालये दूरध्वनी, संगणक आणि टपाल यांच्या वाटेने घरात शिरली. लॉस एंजेलिसच्या गेटी संग्रहालयाने लोकांना आवाहन केले की, एखादे गाजलेले चित्र निवडा आणि घरातील चादरी, भांडी, भाज्या वापरून तसाच देखावा उभा करा. ही कल्पना त्याआधी नेदरलँड्समध्ये निघाली होती. इंग्लंडच्या कोलचेस्टर शहरातील फर्स्टसाइट या कलादालनाने नामवंत कलाकारांकडून घरी करता येतील असे साधे कलापाठ तयार करून घेतले. कागद, पेन्सिल आणि घरातील अडगळ एवढ्याच सामग्रीवर ते बेतलेले होते. हेच कलादालन २०२१ मध्ये ब्रिटनमधील वर्षाच्या उत्कृष्ट संग्रहालयाच्या पुरस्काराचे मानकरी ठरले.

या साऱ्याचा खरोखर उपयोग होतो का, हा प्रश्न माँट्रियलच्या संशोधकांनी तपासून पाहिला. पासष्ट आणि त्याहून अधिक वयाचे १०६ नागरिक त्यांनी घेतले. त्यांतील अर्ध्यांना तीन महिने, दर आठवड्याला एकदा, संगणकाच्या पडद्यावरून मार्गदर्शकासह संग्रहालय दाखवले आणि त्यावर त्यांच्याशी गप्पा केल्या. उरलेल्यांची दिनचर्या पूर्वीसारखीच राहिली. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार पहिल्या गटातील लोकांचा एकटेपणा कमी झाला, मनाची प्रसन्नता आणि जगण्यातील समाधान वाढले आणि उतारवयातील शारीरिक दुर्बलतेतही सुधारणा दिसली. हा अभ्यास लहान आहे आणि तीन महिन्यांचाच आहे, हे ध्यानात ठेवले पाहिजे. परंतु जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप विभागाने २०१९ मध्ये कला आणि आरोग्य यांविषयीच्या ३,००० हून अधिक अभ्यासांचा जो आढावा घेतला, त्याचाही कल याच दिशेचा आहे.

अशा सत्रात नेमके काय घडते? सहा ते दहा माणसे ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी पडद्यावर एकमेकांसमोर येतात. मार्गदर्शक एकच चित्र दाखवतो. चित्रकार कोण, काळ कोणता हे आरंभी सांगत नाही. काही मिनिटे सारे निःशब्द पाहतात. मग तो विचारतो, "तुम्हांला काय दिसते?" कुणी रंग सांगते, कुणी कोपऱ्यातील कुत्रे, कुणाला त्या खिडकीवरून आपल्या माहेरची खिडकी आठवते. कोणतेही उत्तर चूक ठरत नाही. त्यानंतर पंधरा-वीस मिनिटे प्रत्येकजण आपापल्या घरी काहीतरी करतो; चार रेघांचे चित्र काढतो किंवा चार ओळी लिहितो. शेवटी ज्याची इच्छा असेल तो आपला कागद पडद्यासमोर धरतो. गुण नाहीत, बक्षीस नाही.

हे वाचताना माझ्या ध्यानात आले की, मावशीला सारे जण जे प्रश्न विचारतात ते तिच्या शरीराविषयीचे असतात. तिच्या नजरेला काय दिसले, तिला काय सुचले, हे तिला दीड वर्षात कुणी विचारले नव्हते; मीही नाही. वृद्धावस्थेत माणूस केवळ सेवा घेणारा होऊन बसतो. या सत्रांत त्याच्याकडे देण्यासारखे काही आहे, असे गृहीत धरून कुणीतरी त्याच्यासमोर बसते. शिवाय पुढच्या आठवड्यात आपण आलो नाही तर आपली उणीव कुणालातरी जाणवेल, एवढी खात्री त्याला मिळते. खांबाजवळची जागा म्हणतात ती हीच.

येथे आपल्या मनात एक शंका उभी राहील, आणि ती रास्त आहे. मोबाइलच्या पडद्याने आधीच घराघरांत प्रमाद वाढवला आहे. त्यात ही आणखी एक भर कशाला? आणि ज्या प्रतिमेसमोर आपण हात जोडतो तिला कलावस्तू म्हणून पाहणे शोभते का? मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात भगवान बाहुबलींची श्रवणबेळगोळहून आलेली प्राचीन कांस्यमूर्ती आहे. तिच्या पायांवरून आणि बाहूंवरून चढलेल्या वेली पाहताना पाहणारा कलेचा विचार करतो की वैराग्याचा, हे कुणी ठरवावे? मला वाटते, देवदर्शनाची जागा हे पाहणे घेऊ शकत नाही आणि घेऊही नये. परंतु सामायिकाला बसणाऱ्या माणसाला ४८ मिनिटे एका ठिकाणी स्थिर राहण्याची सवय असते. ती स्थिरता घेऊन तो एका चित्रासमोर बसला, तर पडदा सरकवत राहण्याच्या चंचलतेच्या हे नेमके उलट असेल. आणि एकाच चित्रात आठ जणांना आठ गोष्टी दिसतात आणि त्या एकमेकांना खोट्या पाडत नाहीत, हा अनुभव अनेकान्ताच्या उपासकांना परका वाटू नये.

आपल्या परंपरेची चित्रेही आज अशा रीतीने पाहता येतात. लंडनचे व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालय आणि ब्रिटिश लायब्ररी यांच्याकडे सचित्र जैन हस्तलिखिते आहेत आणि त्यांतील अनेक पाने घरबसल्या पाहावयास मिळतात. म्हणून मी एक लहानसा प्रयोग केला. व्हिडिओ कॉलवर आम्ही चौघी जमलो: मावशी, तिची स्वाध्यायातील जुनी मैत्रीण, जी आता मुलाकडे दुसऱ्या गावी राहते, आमच्या शेजारच्या गुजराती श्वेतांबर काकी आणि मी. कल्पसूत्राच्या एका जुन्या हस्तलिखितातील त्रिशलामातेच्या स्वप्नांचे पान मी सर्वांना दाखवले. लाल आणि निळा रंग, सोन्याची झाक, चेहऱ्याच्या रेषेबाहेर आलेला तो दुसरा डोळा. मी काही सांगितले नाही, फक्त विचारले, "तुम्हांला काय दिसते?"

पहिली पाच मिनिटे कठीण गेली. मैत्रिणीचा आवाज येईना, मावशीने मोबाइल उलटा धरलेला. मग काकींनी स्वप्ने मोजायला आरंभ केला. हत्ती, वृषभ, सिंह, लक्ष्मी, माला, चंद्र, सूर्य, ध्वज, कलश. पर्युषणात भगवंतांच्या जन्मवाचनाच्या दिवशी चांदीची स्वप्ने उतरवतात, तेव्हा लहानपणी आपण कशा पुढे घुसून बसत असू, ते त्या सांगू लागल्या. मावशी मात्र अस्वस्थ होती. शेवटी ती म्हणाली, "ही चौदाच आहेत. आमची माशांची जोडी कुठे गेली? सिंहासन कुठे आहे?"

दिगंबर परंपरेत स्वप्ने सोळा आहेत. त्यांत मत्स्ययुगुल, सिंहासन आणि नागेंद्रभवन येतात, तर श्वेतांबरांचा ध्वज त्यांत नाही. चाळीस वर्षे स्वाध्यायात बसलेल्या माझ्या मावशीने ते सारे विस्ताराने समजावून सांगितले. इतका वेळ ती सलग बोललेली मी कितीतरी महिन्यांत ऐकले नव्हते. काकी तल्लीन होऊन ऐकत होत्या. "अमे तो चौदच जाणीए" असे म्हणत त्यांनी आपल्या वहीत ती तीन नावे लिहून घेतली. मग प्रत्येकीने एकेक स्वप्न काढायचे ठरले. मावशीने औषधांच्या बिलाच्या मागच्या बाजूला दोन मासे काढले. हात कापत असल्याने त्यांचे खवले वेडेवाकडे झाले होते. तिने तो कागद पडद्यासमोर धरला आणि म्हणाली, "पुढच्या बुधवारी सिंहासन काढीन."

या एका दुपारीने मावशीचे दुःख संपले असे मी म्हणणार नाही. तिचा गुडघा तसाच आहे आणि पायऱ्याही तेवढ्याच आहेत. दीर्घकाळ उदासी असेल, झोप वा अन्न तुटले असेल, तर डॉक्टरांकडेच गेले पाहिजे. चित्र हा त्यावरचा उपाय नव्हे. ज्यांच्याकडे असा मोबाइल नाही किंवा ज्यांना ऐकू कमी येते, त्यांच्यासाठी कुणीतरी चित्राचा कागद घेऊन प्रत्यक्ष घरीच गेले पाहिजे. तरीही या चातुर्मासात आपल्या महिला मंडळांनी आणि युवक मंडळांनी हे करून पाहावे, अशी माझी विनंती आहे. त्याला फारसा खर्च नाही. सहा-आठ माणसे असावीत, त्याहून अधिक नकोत. आठवड्याचा एक वार ठरवावा. वेळ दुपारी चारच्या सुमाराची असावी, म्हणजे सूर्यास्तापूर्वीच्या भोजनाची घाई होत नाही. चित्र एकच असावे. घरातील एखाद्या नातवंडाने मोबाइल जोडून द्यावा आणि तेथेच बसावे. आदल्या दिवशी प्रत्येकाला फोन करून "उद्या येताय ना?" असे विचारावे. कुणाचे चित्र त्याच्या अनुमतीवाचून दुसऱ्या गटांत पाठवू नये. आणि कौतुकाच्या भरात स्पर्धा मात्र ठेवू नये. स्पर्धा आली की कापणारा हात मागे सरतो.

जीवांनी एकमेकांना उपकारक व्हावे, ही आपल्या धर्माची शिकवण आपण सभांमधून नेहमी ऐकतो. उपकार म्हणताच आपल्या डोळ्यांसमोर दान येते, औषध येते, अन्न येते. कुणाला तरी "तुम्हांला काय दिसते?" असे विचारून त्याचे उत्तर शेवटपर्यंत ऐकून घेणे, हाही उपकारच आहे, आणि मासे काढून दाखवणाऱ्या मावशीनेही त्या दुपारी आम्हां तिघींवर तो केला.

आमचे बुधवार सुरू आहेत. काकींनी आणखी एकीला बोलावले आहे. आता नागेंद्रभवन कसे काढायचे, यावर चर्चा चालू आहे.

जय जिनेंद्र.