आधी लॉग वाचा, मग लिनक्सला शिव्या द्या

दूध संकलन केंद्राचा कॉम्प्युटर अडला की आमच्या आळे गावात पहिलं वाक्य ठरलेलं : “लिनक्स आहे ना, मग असंच होणार.” दुकानदार म्हणतो, कमिटीतले म्हणतात, ज्याने कीबोर्डला कधी हात लावला नाही तोही म्हणतो. आता मला हे ऐकवत नाही. असं म्हणणाऱ्यांपैकी एकानेही तोवर स्क्रीनवर काय उमटलंय ते वाचलेलं नसतं.

केंद्राचा कॉम्प्युटर मी बघतो. काट्यावरून लिटर येतात, मशीनवरून फॅट आणि एसएनएफ, त्यावर दर निघतो आणि दर दहा दिवसांनी बिल. काटा जुन्या सिरियल पोर्टचा. नव्या कॉम्प्युटरला तसलं पोर्टच नाही, म्हणून मध्ये यूएसबीची कन्व्हर्टर केबल. उबुंटू 22.04 टाकलं आणि ही केबल लावली की पोर्ट क्षणभर दिसायचा नि गायब व्हायचा. विकणाऱ्याने फोनवरच निकाल लावला, लिनक्सवर चालत नाही, विंडोज टाका. मी लॉग दाखवणारी डीमेसेज कमांड दिली. शेवटच्या चार ओळींत सगळं लिहिलेलं होतं. केबलमधली सीएच 340 चिप ओळखली गेली होती, तिला पोर्टही मिळाला होता आणि लगेच बीआरएलटीटीवाय नावाच्या प्रोग्रामने तो काढून घेतला होता. अंध माणसं ज्या ब्रेल पट्टीवर बोटं फिरवून स्क्रीन वाचतात, तिच्यासाठीचा हा प्रोग्राम. एका ब्रेल उपकरणाचा आयडी आणि या चिपचा आयडी एकच, त्यामुळे आमचा दुधाचा काटा त्याला ब्रेल पट्टी वाटला. आमच्याकडे त्याची गरज कुणाला नव्हती. तो काढला, युजरला डायलआउट ग्रुपमध्ये घातलं आणि काट्याचे आकडे यायला लागले. अर्ध्या तासाचं काम. चूक उबुंटूचीच होती, ती मी झाकणार नाही. पण ती मशीनने स्वतः लिहून दिली होती आणि विकणाऱ्याला वाचायचं नव्हतं.

विंडोजवर सगळं बिनबोभाट चालतं म्हणणाऱ्यांनी 2014 चा ऑक्टोबर आठवावा. अशाच केबलींत असणाऱ्या एफटीडीआय चिपचा नवा ड्रायव्हर विंडोज अपडेटमधून आला आणि त्याने नकली चिपांचा आयडीच शून्य करून टाकला. चिप नकली आहे हे गिऱ्हाईकाला माहीतही नव्हतं. पैसे मोजून घेतलेली केबल रातोरात निकामी.

आणि हे ‘चालत नाही’ आम्हाला सांगता कुठे बसून? इथून जवळच खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण उभी आहे, 45 मीटर व्यासाच्या 30 अँटेना. त्यांचे सिग्नल एकत्र करणारी जी यंत्रणा 2010 च्या सुमारास तिथे सुरू झाली, ती बाजारात मिळणाऱ्या कॉम्प्युटरांना जोडून केलेली होती, लिनक्सवर. आकाशगंगेपलीकडचे आकडे ज्या सिस्टिमवर गोळा होतात, तिला आळ्यातलं सात लिटर दूध मोजता येत नाही म्हणायला जीभ कशी वळते?

पण माझा खरा राग बॅकअपवर आहे, आणि त्यात मीही गुन्हेगार आहे.

केंद्राचा बॅकअप रोज रात्री अकराला आरसिंक या कॉपी करणाऱ्या प्रोग्रामने बाहेरच्या डिस्कवर व्हायचा. ज्याने तो लावून दिला त्याने एफएसटॅब फाइलमध्ये डिस्कचं नाव एसडीबी1 असं लिहिलं. हे नाव कायमचं नसतं. कॉम्प्युटर सुरू होताना जी डिस्क आधी सापडेल तिला ते मिळतं. कायमचा असतो तो डिस्कचा ओळख क्रमांक, यूयूआयडी, आणि तोच लिहायचा असतो. मार्चमध्ये लाईट गेली, आली, कॉम्प्युटर पुन्हा सुरू झाला, आणि नव्या प्रिंटरमधल्या कार्ड रीडरने एसडीबी हे नाव घेतलं. आमची डिस्क झाली एसडीसी. ती माउंट झाली नाही, म्हणजे सिस्टिमला जोडलीच गेली नाही. डिस्क नसली तरी पुढे जा, असा नोफेल पर्याय टाकलेला होता, म्हणून कुठे काही अडलंही नाही. आरसिंकला बॅकअप नावाचा फोल्डर दिसत होता. तो आता मूळ डिस्कवरचाच रिकामा फोल्डर होता. त्याने इमानेइतबारे त्यात कॉपी केली आणि रोज ‘यशस्वी’ म्हणून नोंद टाकली. चार महिने! जुलैत मूळ एसएसडी मेली, तिच्याबरोबर तिच्याच पोटातला बॅकअपही गेला. बाहेरच्या डिस्कवर मार्चपर्यंतचा हिशेब, पुढे काही नाही.

एलएसबीएलके एवढी एक कमांड दिली असती, तर डिस्कपुढचा रकाना रिकामा दिसला असता. दोन सेकंद लागतात. चार महिन्यांत ते दोन सेकंद मला मिळाले नाहीत, कारण “बॅकअप चालू आहे ना?” या कमिटीच्या प्रश्नाला मी हो म्हणत होतो आणि त्यांना हो पुरत होतं.

मग हिशेब जुळवायला दूध घालणाऱ्यांकडून पावत्या मागवल्या. थर्मल कागदाच्या पावत्या. त्या वाडग्यात, खिशात, चुलीजवळ राहून पांढऱ्या पडलेल्या. एक आजी पिठाच्या डब्यातली पिशवी घेऊन आल्या. आतल्या निम्म्या पावत्यांवर अक्षर नव्हतं. त्यांनी त्या एकेक करून टेबलावर मांडल्या आणि म्हणाल्या, “बाळा, यातलं काय वाचता येतंय का बघ.” मला मान वर करता आली नाही. सोबत त्यांच्या नातीची शाळेची वही होती. सकाळ-संध्याकाळचं लिटर आणि फॅट, तारीखवार, निळ्या पेनने. एखादा आकडा चुकला तर खोडून शेजारी लिहिलेला. दुसरं घर, दुसरा कागद, रोज तपासलेला. आमच्या सगळ्या तांत्रिक बडबडीत नव्हता तो बॅकअप त्या वहीत होता. त्या आजींचं बिल पैशापर्यंत जुळलं. बाकी कितीजणांचं अंदाजाने लावलं, आणि त्यांनी ते निमूट घेतलं, हे मला जास्त लागलं.

आता बॅकअपच्या स्क्रिप्टमध्ये पहिल्या ओळीला डिस्क खरंच माउंट आहे का ते तपासलं जातं. नसेल तर काम तिथेच थांबतं आणि सकाळी दूध घेण्याआधी स्क्रीनवर लाल ओळ दिसते. दुसरी डिस्क सेक्रेटरींच्या घरी असते. दर महिन्याच्या एक तारखेला जुन्या लॅपटॉपवर बॅकअप उघडून कुणाही एकाचं बिल कमिटीसमोर काढायचं, असं मी लिहून मागितलं. कमिटीतले एकजण म्हणाले, “दर महिन्याला कशाला? झालं ना आता सगळं नीट.”

मी त्यांच्यापुढे त्या कोऱ्या पावत्या ठेवल्या आणि सही होईपर्यंत उठलो नाही.