ढगाची पाठ आणि ढगाचे पोट

जून उजाडला की मोबाईलवर उपग्रहाचे फोटो फिरू लागतात. आपल्या भागावर पांढराफटक ढग दिसतो आणि तुम्ही तिफण बाहेर काढता. पण शेतकरी बंधूंनो, त्या फोटोत ढगाची पाठ दिसते, पोट नव्हे.

२०२४ साली सोडलेला आपला इन्सॅट-३डीएस सुमारे ३६ हजार किलोमीटरवरून बघतो. रात्री उजेड नसतो, म्हणून तो ढगाच्या माथ्याची उष्णता मोजतो. माथा जितका थंड, तितका फोटोत पांढरा. घोटाळा होतो तो इथेच. पिंजलेल्या कापसासारखे फार उंचावरचे ढग थंडगार असतात, म्हणून पांढरे दिसतात. पण त्यांतला थेंब जमिनीवर येत नाही. उलट डोंगराला टेकलेले बुटके ढग कोमट, म्हणून करडे, कधी दिसतही नाहीत. सह्याद्रीतली कित्येकदा लागलेली झड अशाच ढगांची! शिवाय या फोटोचा एक ठिपका म्हणजे चार किलोमीटर लांब, चार रुंद, म्हणजे १६०० हेक्टर. त्यात तुमचे गाव आले, शेजारचेही आले.

दुसरा प्रकार जमिनीवरच्या कॅमेऱ्याचा. माशाच्या डोळ्यासारखी फुगीर काच वर करून ठेवायची, सगळे आभाळ एका फोटोत येते. निळे किती, पांढरे किती ते संगणक मोजतो. वेधशाळेतला माणूस हेच नजरेने करतो. आभाळाचे आठ भाग कल्पून किती झाकले ते लिहितो. कॅमेऱ्यालाही खोड आहेच. क्षितिजाकडचे ढग कडेने दिसतात, मधल्या फटी झाकल्या जातात आणि आभाळ आहे त्याहून भरलेले वाटते. सूर्याजवळची चकाकीही त्याला ढग वाटते. खालचा थर दाट असला तर वर काय आहे ते कळत नाही.

म्हणून दोन्ही शेजारी ठेवून बघावेत. उपग्रह ‘भरले’ म्हणतो आणि खालून नुसता पातळ पडदा दिसतो, तर समजा ढग उंचावरचा आहे. उपग्रह ‘मोकळे’ म्हणतो आणि खालून आठपैकी आठ भाग झाकलेले, तर ढग बुटका. पेरणीला मात्र यातला एकही पुरत नाही. कृषी खाते ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊ द्या म्हणते, तो पर्जन्यमापकातच मोजायचा. दुबार पेरणीचे बियाणे कुणी फुकट देत नाही.

महसूल मंडळांतली महावेधची केंद्रे पाऊस, तापमान, आर्द्रता, वारा मोजतात; आभाळाकडे बघत नाहीत. तालुक्याला निदान एक कॅमेरा मिळावा, असा ठराव सरपंचांनी येत्या ग्रामसभेत घ्यायला काय हरकत आहे?