दंड सरकारला, बदनामी रुग्णाला

आरोग्याच्या नोंदींसाठी वेगळा कायदा कशाला, असं विचारणारे पुष्कळ भेटतात. २०२३ चा डिजिटल व्यक्तिगत विदा संरक्षण कायदा आहे, त्यात संमतीची अट आहे, अडीचशे कोटींपर्यंत दंड आहे. आणखी काय हवं?

आधी संमतीचं पाहू. सरकारी रुग्णालयात केसपेपरच्या खिडकीशी जरा उभं राहा. आतला मुलगा म्हणतो, ‘मावशी, ओटीपी आलाय, सांगा.’ मावशींना तो सापडत नाही. त्या मोबाइलच आत सरकवतात. मागे रांग खोळंबलेली, पोटात कळ आलेली. झाली संमती! ‘आभा’ या डिजिटल आरोग्य खात्याच्या चौदा आकडी क्रमांकाला कोणत्या नोंदी जोडल्या जातील, त्या कोण पाहील, हे त्यांना कुणी सांगितलेलं नाही.

आता दंड. तो जातो सरकारी तिजोरीत. ज्याचा रिपोर्ट फुटला त्याच्या हाती छदामही पडत नाही. उलट, निष्काळजी कंपनीकडून भरपाई मागायची वाट देणारं माहिती तंत्रज्ञान कायद्यातलं कलम ४३-अ वगळण्याची तरतूद २०२३ च्या कायद्यातच आहे. त्या कलमाखालच्या २०११ च्या नियमांनी वैद्यकीय नोंदींना ‘संवेदनशील’ मानलं होतं. २०२३ च्या कायद्यात असा वेगळा वर्गच उरला नाही. २०१६ मध्ये मुंबईतल्या एका लॅबचे हजारो रिपोर्ट इंटरनेटवर उघडे पडले होते, त्यांत एचआयव्हीच्या तपासण्याही होत्या. अशा रिपोर्टपायी कुणाचं ठरलेलं लग्न मोडलं, तर तिजोरीतल्या दंडाचं त्याने काय करायचं?

कडक कायद्याने उपचार अडतील, ही भीतीही फोल आहे. जिवावर बेतल्यावर संमतीवाचून माहिती वापरण्याची मुभा २०२३ च्या कायद्यातही आहे, ती तशीच ठेवावी. संशोधनाची गरज मात्र मला मान्य आहे. नाव-गाव काढून नोंदी जरूर द्याव्यात.

आणि नवा कायदा शून्यातून लिहायचा नाहीच. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०१८ मध्ये ‘दिशा’ नावाचा मसुदा काढला होता. त्यात नोंदीचा मालक रुग्ण होता. नोकरी देणाऱ्यांना आणि औषध कंपन्यांना ती पाहायला बंदी होती, नोंद फुटली तर मालकाला भरपाई होती, गंभीर गुन्ह्याला तुरुंगवास होता. तो संसदेत कधी मांडलाच गेला नाही. आपल्या खासदाराला एवढंच विचारा: तो मसुदा कधी मांडणार?