गृहमंत्र्यांकडून गृहमंत्र्यांस

संसदीय राजभाषा समितीच्या अकराव्या अहवालाविरुद्ध तमिळनाडू विधानसभेने १८ ऑक्टोबर २०२२ रोजी ठराव केला. त्याआधी केरळच्या आणि तमिळनाडूच्या मुख्यमंत्र्यांची पत्रे पंतप्रधानांकडे जाऊन पोहोचली होती. त्यावर समितीच्या बाजूने आलेले उत्तर असे की, ही सारी टीका अपुऱ्या माहितीवर बेतलेली आहे. मग पुरी माहिती द्यायची कोणी? अहवाल राष्ट्रपतींच्या हाती पडून तेव्हा महिना उलटून गेला होता, पण तो ना संसदेच्या पटलावर होता, ना लोकांसमोर. बाहेर आले ते वृत्तपत्रांपर्यंत झिरपलेले तुकडे: हिंदी राज्यांतील आयआयटी आणि केंद्रीय विद्यापीठांत हिंदी माध्यम, इतरत्र स्थानिक भाषा, केंद्रीय भरती परीक्षांतून इंग्रजीच्या सक्तीला रजा, हिंदीत काम न करणाऱ्या अधिकाऱ्याला ताकीद आणि त्याच्या गोपनीय अहवालात तशी नोंद. शंभराहून अधिक शिफारशी आहेत म्हणतात. देशाच्या भाषाव्यवहाराची मांडणी बदलणारा दस्तऐवज आपण 'म्हणतात' या शब्दाच्या आधारे वाचत होतो, याचा संताप चेन्नईला आला. मुंबईला तो का येऊ नये?

हिंदी चांगली की वाईट, या वादात आम्हाला पडायचे नाही. तो वाद दर सप्टेंबरात हिंदी पंधरवड्याबरोबर येतो आणि ऑक्टोबरात विरतो. प्रश्न या समितीचा आहे. तिच्या नावात 'संसदीय' हा शब्द आहे आणि तिचे तीसही सदस्य खासदार आहेत, वीस लोकसभेचे आणि दहा राज्यसभेचे. एवढे सोडले तर संसदीय समिती म्हणून जे काही ओळखता येते, त्यातले या समितीत फार थोडे आहे.

संसदेच्या विभागीय स्थायी समित्यांचा एक साधा नियम आहे. मंत्री अशा समितीचा सदस्य होऊ शकत नाही. लोकलेखा समितीलाही हेच लागू, आणि तिचे अध्यक्षपद तर १९६७ पासून विरोधकांकडे देण्याचा संकेत आहे. कारण उघड आहे. ज्याच्या कामाची तपासणी करायची, तोच तपासनीस असता कामा नये. राजभाषा समितीत नेमके उलटे आहे. तिचे अध्यक्षपद केंद्रीय गृहमंत्र्यांकडे असते, आणि राजभाषा विभाग हा गृह मंत्रालयाचाच विभाग. इतर समित्यांना कर्मचारी पुरवते ते लोकसभेचे किंवा राज्यसभेचे सचिवालय. या समितीचे सचिवालय प्रशासकीयदृष्ट्या त्याच राजभाषा विभागाचे दुय्यम कार्यालय आहे. समितीचा अहवाल थेट सभागृहाकडे जात नाही, आधी राष्ट्रपतींकडे जातो. राष्ट्रपती मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने वागतात, आणि या विषयात सल्ला देणारे मंत्रालय गृह. आदेशाचा मसुदा तिथेच होणार, अंमलबजावणीची परिपत्रकेही तिथूनच निघणार. म्हणजे गृहमंत्री शिफारस करणार, गृहमंत्र्यांचे खाते ती स्वीकारणार, आणि नंतर गृहमंत्र्यांच्याच अध्यक्षतेखाली अंमल किती झाला ते पाहणार. परीक्षार्थ्याने पेपर काढावा, सोडवावा आणि तपासावाही, असा हा कारभार आहे.

हे गृहमंत्री अमित शहा यांच्यापासून सुरू झालेले नाही, हे सांगितलेच पाहिजे. नववा अहवाल २०११ मध्ये दिला तो पी. चिदंबरम यांनी. हिंदीच्या प्रश्नावर पेटून उठणाऱ्या राज्यातून आलेला हा गृहमंत्री ११७ शिफारशींवर सही करून मोकळा झाला, आणि त्यावरचा राष्ट्रपतींचा आदेश निघाला ३१ मार्च २०१७ रोजी, म्हणजे सरकार बदलल्यावर. सीबीएसई आणि केंद्रीय विद्यालयांत दहावीपर्यंत हिंदी, हिंदी येणाऱ्या मंत्र्यांनी हिंदीतच भाषण करावे ही विनंती, सरकारी विमानांत हिंदी वृत्तपत्रे, असे बरेच काही त्यात तत्त्वतः का होईना मान्य झाले. काँग्रेसने पेरले आणि भाजपने कापले. या विषयात दोघांत फरक शोधायचा तर तो फक्त आवाजाच्या पट्टीचा आहे. शहा यांनी एप्रिल २०२२ मध्ये समितीच्या बैठकीत सांगून टाकले की, निरनिराळ्या राज्यांच्या लोकांनी आपसात भारतीय भाषेत बोलावे आणि हिंदी हा इंग्रजीला पर्याय आहे, स्थानिक भाषांना नव्हे. आधीचे गृहमंत्री असे बोलत नसत, सही करत.

ही रचना आली कुठून? १९६३ च्या राजभाषा अधिनियमाच्या कलम ४ मधून. कलम ३ अमलात आल्यापासून, म्हणजे २६ जानेवारी १९६५ पासून, दहा वर्षांनी अशी समिती नेमावी, संघराज्याच्या कामकाजात हिंदीच्या वापराची प्रगती तिने तपासावी आणि राष्ट्रपतींना अहवाल द्यावा, असे त्यात म्हटले आहे. समिती १९७६ मध्ये नेमली गेली आणि तेव्हापासून आजवर ती हिंदीचीच प्रगती तपासते आहे. कायद्याने तिला दुसरे कामच दिलेले नाही. मराठी, बंगाली, कन्नड, ओडिया यांची प्रगती झाली की अधोगती, हे विचारण्याचा अधिकारही तिला नाही. अकराव्या अहवालाच्या वेळी समितीचे उपाध्यक्ष असलेले भर्तृहरी महताब ओडिशाचे आहेत. ओडियासाठी एक ओळ लिहायची म्हटली तर या समितीच्या कागदावर तिला जागा कुठे मिळणार?

घटनाकारांच्या मनात असे नव्हते. अनुच्छेद ३४४ ने आयोग सांगितला, त्यात आठव्या अनुसूचीतल्या भाषांचे प्रतिनिधी असावेत असे सांगितले, आणि अहिंदी प्रदेशातल्या लोकांच्या सरकारी नोकऱ्यांतील न्याय्य हक्कांची बूज राखा असेही सांगितले. १९५५ मध्ये असा आयोग नेमला गेला. अध्यक्ष होते आपले बाळासाहेब खेर. त्या आयोगात सुनीतिकुमार चॅटर्जी आणि पी. सुब्बरायन यांनी बहुमताला न जुमानता भिन्नमतपत्रिका लिहिल्या आणि त्या अहवालासोबत छापल्या गेल्या. त्यानंतर गोविंद वल्लभ पंतांच्या अध्यक्षतेखाली संसदीय समितीने तो अहवाल तपासला. वाद झाला, उघड झाला, आणि नेहरूंना लोकसभेत उभे राहून अहिंदी भाषकांना आश्वासन द्यावे लागले. खेर आयोगानंतर पुन्हा आयोग काही नेमला गेला नाही. सगळ्या भाषांना जागा देणारी ती एक वाट होती. ती बंद पडली आणि एकाच भाषेचा हिशेब ठेवणारी समिती तेवढी कायमची झाली.

१९६३ च्या कायद्याने भागले नाही म्हणून १९६७ साली दुरुस्ती झाली. हिंदी न स्वीकारलेल्या सगळ्या राज्यांच्या विधानमंडळांनी ठराव केल्याखेरीज इंग्रजी जाणार नाही, ही हमी तिच्यातून आली. त्याच वेळी संसदेने एक भाषाविषयक ठरावही केला, जो १९६८ चा राजभाषा संकल्प म्हणून ओळखला जातो. त्याचा पहिला भाग हिंदीच्या प्रसाराचा. त्यासाठी दरवर्षी कार्यक्रम आखला जातो, उद्दिष्टे ठरतात, वार्षिक मूल्यांकन अहवाल संसदेपुढे येतो. दुसरा भाग म्हणतो की, आठव्या अनुसूचीतल्या इतर भाषांच्या विकासासाठीही केंद्राने राज्यांच्या साह्याने कार्यक्रम आखावा आणि तो झपाट्याने अमलात आणावा. त्याचा वार्षिक अहवाल कुठे आहे? त्याची समिती कुठे आहे? एकाच ठरावाचा निम्मा भाग सरकारी यंत्रणेला तोंडपाठ आहे. उरलेल्या निम्म्याची आठवण २०२२ पर्यंतच्या चौपन्न वर्षांत कोणा गृहमंत्र्याला झाल्याचे दिसत नाही.

ज्यांना हे सारे दूरचे वाटते त्यांनी नांदेडच्या किंवा चिपळूणच्या एखाद्या राष्ट्रीयीकृत बँकेत, टपाल कार्यालयात, आयुर्विमा महामंडळाच्या शाखेत डोकावावे. १९७६ च्या राजभाषा नियमांनी देशाचे क, ख, ग असे तीन प्रदेश केले. महाराष्ट्र 'ख'मध्ये, गुजरात आणि पंजाबच्या शेजारी. तमिळनाडू या नियमांतून साफ वगळलेला आहे. भांडला म्हणून सुटला. 'ख' क्षेत्रातल्या केंद्रीय कार्यालयाने क आणि ख क्षेत्रांशी नव्वद टक्के पत्रव्यवहार हिंदीत करावा, असे उद्दिष्ट आहे. म्हणजे महाराष्ट्रातल्या कार्यालयाने महाराष्ट्रातल्याच कार्यालयाला हिंदीत लिहावे आणि त्याची टक्केवारी तिमाही अहवालात भरावी. नामफलक, शिक्के, पत्रशीर्ष हे सारे या नियमांप्रमाणे हिंदी आणि इंग्रजीत. मराठीसाठी या नियमांत एक ओळ नाही. घटनेच्या अनुच्छेद ३५० प्रमाणे नागरिकाला आपले गाऱ्हाणे संघराज्यात किंवा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत मांडता येते, पण त्याला त्याच भाषेत उत्तर देण्याचे बंधन हे नियम कार्यालयावर घालत नाहीत. समितीच्या उपसमितीची पाहणी ठरली की राजभाषा अधिकाऱ्याची झोप उडते. प्रश्नावल्या भरल्या जातात, फायलींवर हिंदी टिपण्या चढतात. काउंटरवर उभ्या असलेल्या म्हाताऱ्या खातेदाराला अर्ज वाचता आला का, हे त्या प्रश्नावलीला कळायचे नसते.

आणि नोकऱ्या? इंग्रजीची सक्ती जाणार म्हटल्यावर आपल्याकडेही काहींना आनंद झाला. कर्मचारी निवड आयोगाची पदवीधरांसाठीची परीक्षा हिंदी आणि इंग्रजी या दोनच भाषांत होते. बिहारचा मुलगा ती स्वतःच्या भाषेत देतो, परभणीचा मुलगा दुसऱ्याच्या. यातली इंग्रजी काढली की परभणीच्या मुलाचे काय भले होणार? त्याच्यासमोर उरणार ती हिंदी. मराठीत प्रश्नपत्रिका काढता येत नाही असे कोणी म्हणू नये. सरकारी बँकांच्या लिपिक भरतीसाठी तेरा प्रादेशिक भाषांत परीक्षा घ्या, असे अर्थ मंत्रालयाने २०२१ मध्येच सांगितले आहे. एका मंत्रालयाला जमते ते सगळ्यांना जमेल. फक्त ते पाहणारी समिती नाही, कारण असलेल्या समितीचे ते कामच नाही.

उच्च न्यायालयांचीही तीच गत. राजस्थान, उत्तर प्रदेश, मध्य प्रदेश आणि बिहार या चार राज्यांत हिंदीला परवानगी आहे. तमिळनाडू, कर्नाटक, गुजरात, पश्चिम बंगाल आणि छत्तीसगड यांनी मागणी केली, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने २०१२ मध्ये नकार दिला. महाराष्ट्राने तर मराठीची फाइल अभिजात दर्जाच्या रांगेत ठेवून दिली होती. २०२४ मध्ये तो दर्जा मिळेपर्यंत रंगनाथ पठारे समितीचा २०१३ चा अहवाल दिल्लीत धूळ खात होता आणि दर २७ फेब्रुवारीला त्याची आठवण काढून आपण टाळ्या वाजवत होतो.

राजभाषा कायदा बदलण्याची एकदाच खरी संधी आली होती. पर्यावरणीय परिणाम मूल्यांकनाच्या २०२० च्या मसुद्याचे सर्व बावीस भाषांत भाषांतर करा, असे दिल्ली उच्च न्यायालयाने सांगितले. केंद्र सर्वोच्च न्यायालयात धावले आणि म्हणाले, राजभाषा कायद्याप्रमाणे हिंदी आणि इंग्रजी पुरे. तेव्हा सरन्यायाधीश होते नागपूरचे शरद बोबडे. खेड्यातल्या माणसाला या दोन्ही भाषा येत नाहीत, तेव्हा हा कायदाच दुरुस्त करण्याचा विचार करा, असे त्यांनी सरकारला सुचवले. खाणीमुळे ज्याची जमीन जाणार, त्याला ती कशी जाणार ते त्याच्या भाषेत कळावे, इतकीच ही गोष्ट होती. पुढची दोन वर्षे गेली. कायद्यातले एक अक्षर हलले नाही. मात्र अकरावा अहवाल वेळेवर तयार झाला.

हिंदीत राज्यकारभार यावा असे वाटणारे सगळेच दांडगाई करतात, असे आमचे म्हणणे नाही. इंग्रजीचा अंमल उठावा असे गांधीजींनाही वाटत होते. पण तो उठवायचा असेल तर बावीस भाषांना सोबत घेऊन, संसदेत, उघड चर्चेत. बंद दाराआड तीस जणांच्या बैठकीत खात्याच्या मंत्र्यानेच अध्यक्ष होऊन तो उठवता येणार नाही.

अधिनियम म्हणतो की, अहवाल दोन्ही सभागृहांपुढे ठेवला जाईल, राज्य सरकारांकडे पाठवला जाईल आणि त्यांची मते विचारात घेऊन राष्ट्रपती निर्देश देतील.  अधिवेशनाच्या पहिल्या आठवड्यात अहवाल पटलावर यावा, त्यावर दोन्ही सभागृहांत चर्चा व्हावी. कलम ४ दुरुस्त करणारे विधेयक यावे, ते संयुक्त समितीकडे जावे, तिने राज्यांच्या आणि लोकांच्या साक्षी घ्याव्यात, कलमवार चर्चा करावी, भिन्नमते छापावीत; आणि तिच्या अध्यक्षपदी गृहमंत्री नसावेत. महाराष्ट्राचे लोकसभेत अठ्ठेचाळीस आणि राज्यसभेत एकोणीस खासदार आहेत. मंत्रालयातून राज्याचे मत म्हणून या अहवालावर दिल्लीला काय लिहून जाणार आहे आणि ते कोणत्या भाषेत, हे त्यांच्यापैकी एकाने तरी अधिवेशनाआधी मुख्यमंत्र्यांना विचारावे.