महिला-जगत : कजूजावरचा गोफ
चिनी पंचांगातील सातव्या महिन्याच्या सप्तमीस, रात्रीच्या चांदण्यात सुईत दोरा ओवण्याची एक प्राचीन रीत आहे. स्वर्गात वस्त्र विणणाऱ्या देवकन्येकडे कुमारिका धनदौलत न मागता बोटांचे कौशल्य मागत. सुईला कधी एकाऐवजी सात नेढी असत!

संयुक्त अरब अमिरातीत हस्तकौशल्यासाठी अशी निराळी तिथी राखलेली नाही. तेथे ते ईद आणि लग्नकार्य यांच्या निमित्ताने स्त्रियांच्या अंगावर झळकते. त्या कलेचे नाव तल्ली. मध्ये निमुळती अशी धातूची एक बैठी घोडी, तिला कजूजा म्हणतात. तिच्यावर उशी, उशीवर टाचणीने रोवलेले दोरे आणि भोवती साधारणतः सहा रिळे. मधोमध चकाकणारी जरीची पट्टी घेऊन बोटे दोऱ्यांचा गोफ वळीत जातात. ही नाजूक फीत गळ्यावर, बाह्यांवर व सुरवारीच्या काठावर शिवली जाते. जर पूर्वी हिंदुस्थानातून गलबतांनी येत असे, हे येथे अवश्य नमूद करावयास हवे.

ही विद्या कोणत्याही शाळेवाचून आईकडून लेकीकडे आली. गिरमिटावर समुद्रापार गेलेल्यांच्या वंशजांस हे नवल वाटू नये. मळ्यातील राबणूक आटोपल्यावर जुन्या लुगड्यांची गोधडी शिवणाऱ्या पणजीजवळ बसूनच घरोघरच्या मुली टाका शिकल्या.

परंतु खनिज तेलाच्या संपत्तीने वाळवंटातील राहणी पालटली. भटक्या बदाऊनी कुटुंबांनी गावात घरे केली. तंबूच गेले, तेव्हा तंबूसाठी लोकर विणणारे हातही विसावले. 'सदू' नावाच्या या विणकामात पुरुष मेंढ्या, शेळ्या व उंट यांची लोकर कातरीत, आणि स्त्रिया घोळक्याने बसून, कुळाच्या कथा सांगत, ती कातीत व विणीत. जाणत्या बहुतेक वृद्धा उरल्या, म्हणून युनेस्कोने सन २०११ मध्ये सदूची नोंद तातडीच्या संरक्षणाच्या यादीत केली. तल्लीस सन २०२२ मध्ये मान मिळाला तो निराळ्या, प्रातिनिधिक यादीत.

मानाने चूल पेटत नाही, हेही खरेच. शारजातील इर्थी ही सन २०१५ मध्ये स्थापन झालेली संस्था दिब्बा अल हिस्न येथे स्त्रियांना या कामाचे शिक्षण देते आणि त्यांच्या श्रमाचे मोलही देते. तेथे वळलेली तल्ली आता झग्याच्या काठापुरती न राहता इतर नव्या वस्तूंवरही चढू लागली आहे.