आभासाचा चष्मा आणि विज्ञानाची दृष्टी

विद्यार्थ्याच्या डोळ्यांवर आभासी वास्तवाचा चष्मा चढविला की विज्ञानशिक्षणाचे सार्थक झाले, असा प्रचार सध्या मोठ्या उत्साहाने सुरू आहे. हृदयाच्या झडपांतून फेरफटका, शनीच्या कड्यांजवळून उड्डाण, अणूच्या अंतरंगाचे दर्शन! पालक थक्क होतात, संस्थाचालक माहितीपत्रकावर छायाचित्र छापतात. त्याच शाळेतील प्रयोगशाळेचे कुलूप वर्षातून किती वेळा उघडते, हे मात्र कोणी विचारीत नाही.

नव्या तंत्राचा आंधळा विरोध हे शहाणपण नव्हे. जे डोळ्यांना दिसू शकत नाही, ते दाखविण्यासाठी हे साधन उपयुक्तच आहे. परंतु पाहणे म्हणजे पारखणे नव्हे.

डॉ. महेंद्रलाल सरकार यांनी 1876 मध्ये देशबांधवांच्या देणग्यांवर कोलकात्यात विज्ञानसंस्था उभारली. तेथेच सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनी संशोधन केले. पाण्यातून विखुरणाऱ्या प्रकाशात एक क्षीण, अनपेक्षित छटा 1923 मध्ये त्यांचे सहकारी के. आर. रामनाथन यांना आढळली. अशुद्धीचा दोष समजून पाणी पुनःपुन्हा शुद्ध केले, तरी ती छटा जाईना. त्या विसंगतीचा पाठपुरावा रामन आणि के. एस. कृष्णन यांनी सूर्यप्रकाश, रंगीत गाळण्या आणि स्वतःचे डोळे एवढ्या सामग्रीनिशी आरंभिला. 28 फेब्रुवारी 1928 चा शोध आणि 1930 चे नोबेल पारितोषिक ही त्याची फलश्रुती!

आभासी प्रयोगशाळेत ती छटा दिसली असती काय? मुळीच नाही. तेथे आज्ञावली रचणाऱ्याने जे घातले, तेवढेच दिसते. तेथील लंबक कधी चुकत नाही आणि म्हणून विद्यार्थ्याला कधी प्रश्नही पडत नाही. जेथे निसर्गाला अनपेक्षित उत्तर देण्याची मुभा नाही, तेथे चालतो तो प्रयोग नव्हे, केवळ खेळ!

दुसरा प्रश्न स्वावलंबनाचा. गुगलने 2015 मध्ये शाळांसाठी 'एक्सपिडिशन्स' ही आभासी सहलींची योजना आणली आणि 2021 मध्ये ते अ‍ॅप बंद केले. परकीय कंपनीच्या ताळेबंदावर ज्या वर्गाचे आयुष्य अवलंबून, तो वर्ग राष्ट्राचा कसा म्हणावा?

2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने अनुभवाधिष्ठित शिक्षणाचा आग्रह धरला आहे. अनुभव हाताला यावा लागतो, तो उसना मिळत नाही. अंगणात रोवलेल्या काठीची सावली रोज मोजणारे मूल सूर्याची गती स्वतः जाणते. त्यासाठी लागते ती काठी, वही आणि निष्ठावान शिक्षक.

म्हणून चष्म्यांच्या खरेदीला संमती देण्यापूर्वी पालकांनी शाळेला तीन प्रश्न विचारावेत. आमच्या मुलाने यंदा स्वहस्ते किती प्रयोग केले? या साधनातील आशय मातृभाषेत आहे काय? कंपनीने पाठ फिरविली तर हाती काय उरेल? समाधानकारक उत्तरे मिळेपर्यंत तो निधी प्रयोगशाळेचे कुलूप उघडण्यासाठीच खर्ची पडला पाहिजे. रामन यांच्या देशाला आभासाचे प्रेक्षक नकोत, सत्याचे शोधक हवेत!