डबा घरचा, हट्ट दारचा

रात्रीचे आठ वाजलेले असतात. कल्याणकडे निघालेली जलद लोकल डोंबिवली स्थानकात अर्धीअधिक रिकामी होते. पुलावरून उतरणाऱ्या गर्दीतील काही पावले पोळी-भाजी केंद्राकडे वळतात, काही थेट घराकडे. घरी तोवर प्रश्न उभा राहिलेला असतो. मुलाने दुपारचा डबा अर्धा परत आणलेला असतो आणि आता त्याला पिझ्झा हवा असतो. आई 'अजिबात नाही' म्हणते. बाबांचा हात मात्र मोबाइलकडे गेलेला असतो. काही घरांत या भूमिका नेमक्या उलट असतात. आजी दोघांवरही नाराज असते आणि नातवासाठी वाटीत गुपचूप शंकरपाळी काढून ठेवते. पाहता पाहता हा वाद पिझ्झ्यावरून मुलाच्या वळणावर, वळणावरून संगोपनावर आणि तेथून 'तुमच्याकडे' आणि 'आमच्याकडे' इथपर्यंत जाऊन पोहोचतो.

ठाणे, कल्याण आणि डोंबिवलीतील मध्यमवर्गीय घरांना हे दृश्य अपरिचित नाही. घरोघरची कुरबूर म्हणून त्याकडे दुर्लक्ष केले जाते. परंतु मुलांच्या आहारात फास्ट फूडला किती जागा द्यायची, या प्रश्नावर आई-वडिलांचे एकमत का होत नाही, याचा शोध घेतला तर स्वयंपाकघराबाहेरच्या अनेक गोष्टी समोर येतात.

बाहेरचे खाणे घरात आले

झटपट खाणे या पट्ट्याला नवे नाही. कल्याणचा खिडकी वडा, ठाणे स्थानकाजवळचा कुंजविहारचा वडापाव, मामलेदार मिसळ ही नावे इथल्या माणसाच्या अभिमानाचा भाग आहेत. मुंबईच्या गिरणगावातील कामगाराला आणि उपनगरातून धावत येणाऱ्या चाकरमान्याला वडापावने जगवले, असे म्हटले तरी वावगे ठरणार नाही. १९८३ मध्ये दोन मिनिटांच्या नूडल्स घरात शिरल्या. १९९६ मध्ये डॉमिनोज आणि मॅकडोनाल्ड्स भारतात आले आणि पुढील दशकात मॉलच्या फूड कोर्टांसह ते ठाण्यापर्यंत पोहोचले.

तरीही एक मोठा फरक राहिला होता. बाहेरचे खाणे बाहेरच होते. शनिवारी बाबांनी कागदात बांधून आणलेले गरम वडे किंवा तलावपाळीवरची रविवारची भेळ, हा निर्णय मोठ्यांचा असे आणि त्याला वार ठरलेला असे. घरपोच खाद्यपदार्थांच्या मोबाइल सेवांनी गेल्या दहा वर्षांत हा उंबरठा पुसून टाकला. आता यादी मुलाच्या हातात असते, छायाचित्रे त्याच्या डोळ्यांसमोर असतात आणि वार कोणताही चालतो. पूर्वी नकार देण्यासाठी 'आता कुठे जायचे?' एवढे पुरेसे होते. आज नकारासाठी कारण द्यावे लागते आणि त्या कारणावरच आई-वडिलांचे एकमत नसते.

नियम शाळेच्या फाटकापर्यंत

शासनाने या बाबतीत काहीच केले नाही, असे म्हणता येणार नाही. राज्याच्या शालेय शिक्षण विभागाने मे २०१७ मध्ये शाळांच्या उपाहारगृहांत चिप्स, नूडल्स, शीतपेये, पिझ्झा, बर्गर, केक अशा पदार्थांच्या विक्रीस मनाई केली आणि पोळी-भाजी, वरण-भात, राजमा, इडली, उपमा, ताक यांसारखे पदार्थ ठेवण्यास सांगितले. दिल्ली उच्च न्यायालयाच्या २०१५ मधील निकालानंतर देशपातळीवरही चक्रे फिरली. अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने सप्टेंबर २०२० मध्ये नियम अधिसूचित केले. अतिस्निग्ध, अतिगोड आणि अतिखारट पदार्थांची विक्री किंवा जाहिरात शाळेत आणि शाळेच्या फाटकापासून ५० मीटरपर्यंत करता येणार नाही, असे हे नियम सांगतात. मे २०२५ मध्ये केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने आपल्या शाळांना साखरेचे प्रमाण दाखवणारे फलक लावण्याची सूचना केली.

नियम चांगले आहेत. पण ते ५०व्या मीटरला संपतात. ठाणे किंवा डोंबिवलीच्या जुन्या वस्तीतील अरुंद रस्त्यावर पन्नास मीटर म्हणजे चार-सहा दुकाने. त्यापलीकडे शिकवणीचा वर्ग, वर्गाखालची गाडी आणि मग घर. तेथे निरीक्षक नाही, परिपत्रक नाही. असलेच तर आई-वडील आहेत. शिवाय या नियमांत साखर, मीठ किंवा चरबीचा आकडा घालून सीमारेषा आखलेली नाही, वर्णन आहे. त्यामुळे 'बर्गर वाईट आणि बटाटेवडा आपला' हा घरातला जुना वाद नियम दाखवून मिटत नाही. तळणीतून निघालेल्या बटाट्याला मराठी नाव असले म्हणून शरीर त्याला सवलत देत नाही, ही गोष्ट अभिमानी वडापावप्रेमी पालकांच्या पचनी पडणे कठीणच. आजीची शंकरपाळीही याच हिशेबात धरावी लागते.

भीती आणि मोजमाप

घरातील चर्चा बहुधा मोजमापावर नव्हे, भीतीवर चालते. २०१५ चे मॅगी प्रकरण हे त्याचे ठळक उदाहरण. जून २०१५ मध्ये शिसे आणि एमएसजीच्या मुद्द्यावरून या नूडल्सवर देशभर बंदी आली, ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती रद्द करून फेरतपासणीचा आदेश दिला आणि चाचण्यांत शिसे मर्यादेत आढळल्यानंतर नोव्हेंबरमध्ये पाकिटे पुन्हा दुकानात आली. या सहा महिन्यांत कडक पालकांना 'बघा, मी सांगत होते' म्हणता आले आणि सैल पालकांना 'न्यायालयानेच सोडले' असे म्हणता आले. मैदा, मीठ आणि तेल हा रोजच्या आहाराचा खरा प्रश्न मात्र दोघांच्याही भांडणात बाजूला पडला.

मोजमाप फार अवघड नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये साखरेची मर्यादा दिवसभरातील एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांच्या आत, आणि शक्य तर ५ टक्क्यांच्या आत, असावी असे सांगितले. दिवसाला सुमारे १५०० किलोकॅलरी लागणाऱ्या शाळकरी मुलासाठी १० टक्के म्हणजे साधारण ३७ ग्रॅम आणि ५ टक्के म्हणजे १९ ग्रॅम. नेहमीच्या कोला पेयात १०० मिलिलिटरला साधारण १० ते ११ ग्रॅम साखर असते. म्हणजे ३०० मिलिलिटरच्या एका बाटलीत कमाल मर्यादेचा बहुतांश भाग संपतो. पिझ्झ्यावरून भांडणारे आई-बाबा त्यासोबत येणाऱ्या बाटलीकडे क्वचितच पाहतात.

चिंतेला आधार नाही असे नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातील पाच वर्षांखालील अतिवजनी बालकांचे प्रमाण २०१५-१६ मधील २.१ टक्क्यांवरून २०१९-२१ मध्ये ३.४ टक्क्यांवर गेले. त्याच सर्वेक्षणात महाराष्ट्रातील या वयोगटातील ३५ टक्के बालकांची उंची वयाच्या मानाने कमी आढळली. एकाच राज्यात दोन्ही टोके नांदतात. ठाणे जिल्ह्यात तर घोडबंदर रस्त्यावरचे मनोरे आणि शहापूर-मुरबाडचे आदिवासी पाडे यांच्यात फार मोठे अंतर नाही.

डबा भरायचा कोणी?

या वादाचा सर्वांत कमी बोलला जाणारा पैलू श्रमाचा आहे. 'घरचेच खायला हवे' असा आग्रह धरणारी व्यक्ती आणि ते घरचे रांधणारी व्यक्ती अनेक घरांत वेगवेगळी असते. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटे वेळ जात असल्याचे दिसले. पुरुषांचा ८८ मिनिटे. कल्याण ते सीएसएमटी हे अंतर सुमारे ५४ किलोमीटर. जाण्या-येण्यात रोज अडीच-तीन तास घालवून परतलेल्या आईला 'आज बाहेरून मागवू' हा उद्गार लाड नसून सुटका वाटते. डोंबिवलीत पोळी-भाजी केंद्रे गल्लोगल्ली का फोफावली, याचे उत्तर येथेच आहे. बाबांनाही दिवसभराच्या गैरहजेरीची भरपाई एका खोक्यात घरी आणल्याचे समाधान मिळते. एकाची थकावट आणि दुसऱ्याची अपराधी भावना, दोन्ही एकाच बर्गरमध्ये गुंडाळलेल्या असतात. त्यावर आहारशास्त्राचे व्याख्यान देऊन उपयोग होत नाही.

पालक आणि नियम यांतील संघर्ष आपल्याकडेच होतो असे नाही. इंग्लंडमध्ये शेफ जेमी ऑलिव्हर यांच्या मोहिमेनंतर शाळांतील जेवण सुधारले गेले, तेव्हा सप्टेंबर २००६ मध्ये रॉदरहॅमजवळच्या एका शाळेतील काही मातांनी कुंपणाच्या गजांतून मुलांना बर्गर आणि चिप्स पोहोचवले. मुले उपाशी राहतात, हे त्यांचे म्हणणे होते. वरून लादलेला पौष्टिकपणा घराला विश्वासात घेत नसेल तर कुंपणाला फटी पडतात, हा त्याचा धडा.

घरातल्या घरात लादलेल्या बंदीचेही तसेच. अमेरिकेतील फिशर आणि बर्च या संशोधकांनी १९९९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, समोर दिसणारा पण खाऊ न दिलेला पदार्थ मुलांना अधिक हवाहवासा वाटू लागतो, असे दिसून आले. म्हणजे संपूर्ण बंदी घालणारे पालक हट्टाला खतपाणी घालत असण्याची शक्यता असते. दुसरीकडे, एकाने नाही म्हणायचे आणि दुसऱ्याने द्यायचे, यातून मूल भाजीची चव शिकत नाही. कोणाकडे कधी मागायचे, एवढेच शिकते.

अमेरिकी आहारतज्ज्ञ एलिन सॅटर यांनी मांडलेली कामाची वाटणी येथे उपयोगी पडते. काय वाढायचे, केव्हा आणि कुठे, हे मोठ्यांनी ठरवायचे. त्यातले किती खायचे आणि खायचे की नाही, हे मुलावर सोडायचे. ती आपल्या घरांना लागू करायची तर मोठ्यांना आधी आपापसांत बोलावे लागेल, तेही मूल समोर नसताना. बाहेरचे खाणे आठवड्यातून किती वेळा, कोणत्या वारी, त्यासोबत शीतपेय की ताक, आजीच्या डब्याचे काय, हे एकदा ठरले की रोजचा 'हो' किंवा 'नाही' कोणा एकाच्या माथी येत नाही. अर्थात, या यादीत आणखी एक प्रश्न लिहावा लागेल आणि तो सर्वांत वर असायला हवा. उद्या पहाटे साडेपाचला उठून डबा कोण भरणार? त्याचे उत्तर दोघांनी मिळून दिले, तर पिझ्झ्याचा प्रश्न बराच सोपा होईल.